चिंचेचा कोळ

एल्डन पर्किन्सच्या कोठारात ती पहिल्यांदा दिसली
तेव्हा तिच्या दिव्यांवर काळा रंग होता.
पितळेची फॅशन ओसरल्यावर कुणीतरी
दोन हात मारून टाकले असणार,
रोजचं घासणं तरी सुटलं.
एल्डन ब्लेडच्या टोकाने कडेकडेने खरवडत होता.
मी म्हणाले, आमच्या भाषेत पितळ उघडं पडलं म्हणजे
माणूस खोटा निघाला.
तो म्हणाला, तुम्ही फार सोनं बघितलेलं दिसतंय.

व्हरमाँटमधलं गाव, बाराशे माणसं, एक पेट्रोल पंप
आणि ही, एकोणीसशे नऊची,
दोन सिलिंडर, छप्पर नाही, लाकडी आऱ्यांची चाकं,
स्टिअरिंग उजव्या हाताला.
चाळीस वर्षं मी डावीकडे बसून चालवते आहे.
कऱ्हाडला शिकले होते, दवाखान्याच्या जीपवर.
तिच्यात चढले तेव्हा हातांना आधी कळलं,
मला नंतर.

हँडल मारायला त्याने तीन रविवार शिकवलं.
आधी स्पार्क मागे घ्यायचा.
अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, बोटांच्या बाजूला ठेवायचा.
खालून वर ओढायचं. वरून खाली कधीच नाही,
उलटी फिरली तर मनगट घेऊन जाते.
त्याचं गेलं होतं, सत्त्याऐंशी साली.
ते वाकडं मनगट तो नवं घड्याळ दाखवावं
तसं दाखवायचा.

दिवे लावणं म्हणजे तर अर्धा स्वयंपाक.
पायरीवरच्या डब्यात कार्बाइडचे खडे,
वरून पाणी, थेंब थेंब,
मग नळीतून गॅस, मग काडी,
मग पांढरी ज्योत आणि सडक्या लसणाचा वास.
वेल्मा आतून खिडकी लावून घ्यायची, आवाज करून.

एकदा पॉलिश संपलं. मी घरून चिंच आणली,
कोळून, मीठ घालून.
एल्डनने वाटी हुंगली. हे तुम्ही खाता ना?
खातोही.
हॉर्नचा कर्णा पाच मिनिटांत असा निघाला
की त्यात त्याचं नाक भोपळ्याएवढं दिसलं
आणि तो स्वतःलाच हसत बसला.

रेडिएटरवरची नावाची पट्टी मात्र तोच घासायचा,
दर शनिवारी, जीभ दाताखाली धरून.

तो गेल्यावर वेल्माने किंमत सांगितली:
त्याने दिली होती तेवढीच,
चारशे डॉलर आणि एक कालवड.
मग म्हणाली, कालवड राहू दे.

माझी म्हणायला अजून जीभ अडखळते.
आठवी मी, की नववी.
बर्फ वितळल्यावर एका दुपारी मी चष्मा लावून
तिच्याजवळ बसले तेव्हा दिसलं:
पट्टीवरचं नाव पुसट झालंय.
बोटाला लागतं, डोळ्याला नाही.
जितके मालक झाले तितक्यांनी तिला चकाकवलं,
आणि फडक्यावर दर वेळी जो काळा डाग आला
तो मळ नव्हता सगळा,
थोडी तीही होती.
दिव्यांवरची अक्षरं मात्र
काल कोरल्यासारखी, टोकदार,
त्या आळशी काळ्या रंगाखाली
कुणी प्रेम न केल्यामुळे शाबूत.

तेव्हापासून मी पट्टीला हात लावत नाही.
बाकी सगळं लखलखीत, मध्ये ती तेवढी मळकी.
गावातून जाते तेव्हा मागे पिकअपांची रांग लागते,
कुणी हॉर्न वाजवत नाही,
मुलं मागच्या काचेतून दिसेनाशी होईपर्यंत बघतात.

परवा वेल्मा आली, चौऱ्याऐंशीची, काठी टेकत.
पट्टी हिरवी पडलीय, म्हणाली.
मी सगळं समजावलं. अक्षरं, झीज,
माझ्यानंतर जो कुणी घेईल तो.
तिने ऐकून घेतलं, शेवटपर्यंत.
मग स्वेटरची बाही तळव्यावर ओढली
आणि बाहीनेच पुसलं,
दोनदा, तीनदा, नावावरूनच.

चल, म्हणाली, हँडल मार.
मी अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला.